न दिलेली वही

"ते पुस्तक मी आधी धरलंय!" मी म्हणाले.

"घ्या की मॅडम. तुम्ही पुढून वाचा, मी मागून वाचतो... मधी भेटू."

लातूरच्या आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर हार्डवेअरच्या परीक्षेला लागणाऱ्या त्या जाडजूड पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती घरी न्यायची परवानगी नव्हती. म्हणून मी, देविका, आणि हा मन्मथ एका बाकावर आलो. साल दोन हजार तीन. मी क्लासवाली. लातुरात राहून क्लास न लावता कुणी परीक्षा देतं, हे माझ्या बाबांना पटतच नसे. मन्मथ औश्याकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं घर पडलं, वडील गेले. मदत कार्यालयानं टाकून दिलेला कॉम्प्युटर उघडून-जोडून हा पठ्ठ्या शिकलेला.

"क्लासात मशीन उघडू देत्यात का?"

"फळ्यावर काढून दाखवतात."

"म्हंजी फळ्यावर पोहायला शिकवत्यात!"

तो असा हसायचा, की मला रागावताच यायचं नाही.

मग दर रविवारी तो मला खरं मशीन उघडून दाखवू लागला. बोटाला बोट लागलं की दोघंही उगीचच स्क्रू शोधायचो... आमचं ठरलं होतं — दोघांनी पास व्हायचं, हैदराबादला नोकरी धरायची आणि मग माझ्या बाबांसमोर उभं राहायचं.

तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला. नेटवर्कचे दोन नवे धडे आले. ते पुस्तकात नव्हते, क्लासच्या नोट्सच्या वहीत होते. सरांनी तर बजावलंच होतं, वही बाहेर गेली की नाव कमी. मी घाबरले. मन्मथला एवढंच म्हणाले, "काहीतरी बदललंय म्हणे."

"बघू की," तो म्हणाला.

हुशार आहे, निभावून नेईल, अशी मी मनाची समजूत घातली.

हैदराबादच्या परीक्षा केंद्रात निकाल लगेच पडद्यावर आला. मी पास झाले. तो थोडक्यात राहिला, त्या दोन धड्यांतच. पुन्हा फी भरणं त्याला झेपणारं नव्हतं.

नोकरी मला एकटीलाच लागली. निघायच्या दिवशी स्टँडवर त्यानं माझी बॅग गाडीत ठेवली आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला. मी वही बाहेर काढली.

"मन्मथ, ही मी... आधीच द्यायला पाहिजे होती."

तो वहीकडे बघत राहिला. "चहा आणायला जाताना तू पिशवी माझ्यापाशीच ठेवायचीस. वही वरच असायची रोज."

"मग बघितली का नाहीस? वेड्या!"

"तू दिली न्हवतीस न्हवं."

मला रडू आवरेना. "मला तू... लई आवडतोस."

"हाव. ठाव हाय मला." त्याचेही डोळे भरले होते. "आन आता घेतो वही. तू दिलीस की."

गाडी हलली. परीक्षा तो पुन्हा देणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यानं ती वही छातीशी धरली होती. उदगीर येईपर्यंत मी मागेच बघत होते.