आधी माईक

क्लेटनने एकच कॅमेरा दोघांना कबूल केला होता. हे मला कळलं ते त्याच्या ओट्यावर. माझ्या आधीच तिथे एक जण बसला होता. निळा शर्ट, मांडीवर हेल्मेट, हातात क्लेटनच्या आईने दिलेला सरबताचा पेला.

"तुम्हीही कॅमेऱ्यासाठीच?" त्याने विचारलं.

"मी कॅमेऱ्यासाठीच. तुमचं मला माहीत नाही."

तेवढ्यात क्लेटन कॅमेरा घेऊन बाहेर आला. तो कॅनडाला निघाला होता, जाण्याआधी घरातलं एकेक सामान विकत होता. आम्हा दोघांना पाहिलं आणि त्याने जीभ चावली.

"मर्लिन, हा परेश, नायगावचा. परेश, ही मर्लिन, आमच्याच गावातली. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते... अरे देवा, मी दोघांना हो म्हटलं का?"

कॅमेरा स्टुलावर ठेवून, आई हाक मारतेय असं म्हणत तो आत सटकला. आईने हाक मारलेली नव्हती.

"मला तो आजच हवाय," मी म्हणाले.

"एवढी घाई?"

"केळी पिकत आलीयेत."

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याकडे घड कॅमेऱ्याने उतरवतात?"

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. ईस्टरच्या आधी पप्पा गेले, तेव्हापासून मी बरंच काही ठरवून करत होते. तरी ओठ हलले असावेत, कारण तो पेला खाली ठेवून नीट ऐकायला बसला.

मी सांगितलं. आमच्या वाडीत राजेळी केळी. पप्पा आणि त्यांची बहीण फ्लॉसीआत्या दर हिवाळ्यात त्यांची सुकेळी करायचे — पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि वाळक्या केळपानात बांधायची. पप्पांनी लावलेल्या केळींचे हे शेवटचे घड. आत्या म्हणाली होती, एवढी करते, पुढे माझ्याच्याने होणार नाही. मला ते सगळं तिच्या तोंडून, तिच्या हातांसकट, टिपून ठेवायचं होतं.

"फोनने नाही चालणार?"

"फोनने पप्पांचं खूप काढलंय. सगळं हललेलं." मी कॅमेरा उचलला. "हा मिररलेस आहे, हलका. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवतो. स्क्रीन फिरते. मी सगळं वाचून आलेय."

"आणि आवाज?"

"कॅमेऱ्याला माईक असतो."

"असतो. त्यात तुमच्या आत्याच्या आधी कावळा ऐकू येईल." तो बोटांवर मोजू लागला. "कमी पैशांत शूट करायचं तर आधी माईक. मग तिपाई, मग लेन्स. उरलं त्यात बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा."

"छान. मग तुम्ही माईक घ्या, बॉडी मी नेते."

तो मोठ्याने हसला. "अहो, माईक आहे माझ्याकडे. तिपाई आहे, जुनी पन्नास एमएमची लेन्स आहे. बॉडीच नाही. शनिवार-रविवार माझं लग्न असतं, तिथे दुसऱ्याचा कॅमेरा धरतो."

"दर शनिवारी लग्न?"

"लोकांचं. माझं अजून एकदाही नाही."

क्लेटन परत आला तोवर ठरलं होतं. कॅमेरा दोघांचा, निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. सुकेळी होईपर्यंत तो माझ्याकडे राहील, नंतर त्याच्याकडे जाईल. ओट्यावर बसून एका अनोळखी माणसाबरोबर मी भागीदारी केली होती, आणि मला त्याचं आडनावही माहीत नव्हतं.

*

जुनी लेन्स नव्या बॉडीला बसत नव्हती. मध्ये लावायची कडी शोधत आम्ही नालासोपाऱ्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मला एक मोठी झूम लेन्स आवडली होती. परेशने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पाच मिनिटं अशीच धरा." दोन मिनिटांत माझं मनगट थरथरू लागलं.

"बोलायचंत ना सरळ!"

"तुम्हाला सांगून पटत नाही. करून पटतं." त्याने लेन्स काढून घेतली, पण माझ्या मनगटावरची नजर काढायला त्याला जरा उशीर झाला... "त्यापेक्षा लेन्सला गॉगल घेऊ. तुमची सुकेळी भर उन्हात. काळ्या काचेशिवाय सगळं पांढरंफटक दिसेल."

काळी काच घेतली. उजेड परतवायचा चकचकीत पडदा महाग होता, त्याऐवजी थर्माकोलचा तुकडा. स्कूटरवर मागे बसून तो तुकडा मी दोन्ही हातांनी धरला होता. वारा आला की तो त्याच्या पाठीवर आपटायचा.

"मॅडम, मारताय?"

"मी नाही. सामान मारतंय."

माझे दुखवट्याचे काळे कपडे त्याने पहिल्याच दिवशी पाहिले असणार. विचारलं मात्र नाही. एकदाच, माईकची वायर गुंडाळताना म्हणाला, "काळ्यावर काळा माईक दिसत नाही. बरं असतं." बस, एवढंच.

*

शूटिंगच्या सकाळी फ्लॉसीआत्या चर्चमध्ये मिस्साला जायची रेशमी साडी नेसून, पावडर लावून मांडवाखाली येऊन बसली. समोर पिकलेल्या राजेळीच्या फण्या, बाजूला बांबूची तट्टी.

परेशने तिच्या पदराला माईक लावला आणि कानांवर हेडफोन चढवले. "आत्या, आवाज तपासतो. सकाळी काय खाल्लंत ते सांगा."

"पाव आणि चहा," आत्या म्हणाली. मग माझ्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि तिची मान ताठ झाली. "केळी हे आमच्या पूर्वजांचे पारंपरिक पीक असून त्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे."

चर्चमध्ये वाचन करतात तो सूर. घरात जन्मभर आमच्या कादोडी बोलीत बोलणारी, भांडणारी, प्रार्थनाही तिच्यातच पुटपुटणारी माझी आत्या कुठे गेली, कळेना. केळी सोलायच्याऐवजी ती लेन्सकडे पाहून हसत होती. दुपारी उन्हाने तापून कॅमेरा बंद पडला. परेश त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला, स्वतः उन्हात.

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही सगळं पाहिलं.

"छान आलंय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका."

"छान नाही आलं." त्याने चित्र थांबवलं. आत्याच्या शेजारी एक रिकामा पाट होता. "हा कोणाचा?"

"पप्पांचा."

"आणि सुकेळी करताना तुमची जागा कुठली?"

लहानपणी मी त्या पाटाच्या कडेला टेकून बसायची. यंदा मी कॅमेरा घेतला होता, कारण कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की त्या पाटाकडे फक्त लेन्सने पाहता येतं.

"आत्या लेन्सशी कशी बोलणार?" तो हळूच म्हणाला. "त्यांना माणूस लागतं."

"त्या पाटावर मी बसणार नाही."

तो आग्रह करेल असं वाटलं. त्याने खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "बरं. मग निदान लाल दिव्यावर ही लावा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी परेश आला तेव्हा लाल दिव्यावर पट्टी होती. कॅमेरा मांडवाच्या खांबाआड, सावलीत, तिपाईवर होता. आणि मी पाटावर होते.

तो कॅमेऱ्यामागे जाऊन बसला. कॅमेरा समोर नाही म्हटल्यावर आत्याही घरातल्या सुती साडीत आली. "आज सुट्टी का तुमच्या त्या डब्याला?"

"चालू आहे आत्या, पण तुमच्याकडे बघणार नाही," परेश म्हणाला.

मी केळ उचललं. साल देठाशी घट्ट होती, म्हणून सहज स्वयंपाकघरातली सुरी घेतली.

आत्याने माझ्या हातावर सणसणीत चापट मारली.

"लोखंड लावतेस? काळी पडतील! हेच शिकवलं तुझ्या बापाने?" हे सगळं कादोडीत, एका दमात. तिने बांबूची चिंबी, सुरीसारखी पातळ कामटी, माझ्या हातात कोंबली. "त्यानेही पहिल्यांदा हेच केलं होतं. तट्टीभर केळी काळी. तुझ्या आजोबांनी त्याला जेवायला ती काळी सुकेळीच वाढली. आणि मूर्ख, खाऊन वर म्हणतो, गोड आहेत!"

ती हसू लागली. मीही. मग ती बोलतच राहिली — पप्पा केळ दाबून कसे पाहायचे, दव पडायच्या आत तट्ट्या झाकायला कसे धावायचे, मी झाले त्या वर्षी गावभर सुकेळी कशी वाटली. तिचे हात थांबले नाहीत. माझेही. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

एकदा मी खांबाकडे पाहिलं. परेशने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते आणि मान खाली घातली होती.

*

सुकेळी मधासारखी तांबूस झाली. पानात बांधून झाली. चित्रं जोडून झाली. ठरल्याप्रमाणे परेश कॅमेरा न्यायला आला आणि मी तो पुसून, पिशवीत भरून तयार ठेवला. पिशवीची चेन मात्र लागत नव्हती... म्हणजे मी ती लावत नव्हते.

आत्या वाडीतून आली. हातात राजेळीचा मुनवा — जुन्या केळीच्या बुडाशी फुटलेलं कोवळं रोप, बुंध्याला ओली माती. "मी म्हटलं होतं माझ्याच्याने होणार नाही. हिच्याने होणार नाही असं कुठे म्हटलं?"

मी कुदळ घेतली. पप्पांच्या रांगेच्या टोकाला खड्डा खणला. परेशने पिशवीतून कॅमेरा परत काढला.

"हे घ्यायलाच हवं," असं काहीसं पुटपुटत त्याने तिपाई लांब, चिकूखाली लावली. मग लांब वायर सोडत जवळ येऊन माझ्या ओढणीला माईक अडकवला. बोटं जरा चुकली. पुन्हा अडकवला.

"सकाळी काय खाल्लं ते सांग," तो लांबून ओरडला. मला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

मी गुडघ्यांवर बसले, मुनवा खड्ड्यात धरला आणि माती लोटत, ओढणीशी बोलावं तसं हळू बोलले.

"पाव. चहा. एक सुकेळं... परेश, राजेळीला घड धरायला वर्ष तरी लागतं. तोवर हा कॅमेरा शनिवार-रविवार तुझ्या लग्नांना जाऊ दे. बाकीचे दिवस तो इथे हवाय. आणि कॅमेऱ्याबरोबर तूही हवास. वर्षाने घड उतरेल, तेव्हाही. मी नीट विचार करून सांगतेय."

वाडीत दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही. चिकूखाली तो एकदम ताठ उभा राहिला. हेडफोन काढले. पुन्हा घातले.

"काय म्हणाली रे ती?" आत्याने विचारलं.

"आवाज स्पष्ट आलाय, आत्या," तो म्हणाला आणि कॅमेरा तसाच चालू ठेवून पाण्याची बादली उचलून माझ्याकडे निघाला.