म्यूटची खूण

हंसाचं डोकं असं, की नववीत मास्तरांनी फेकलेला डस्टर तिनं तसाच परत फेकला आणि शाळा तिथंच संपली. आता ती उमरोळीहून बोईसरला विश्रामच्या दुकानात जाऊन बिघडलेले कॉम्प्युटर उघडायची. हात चलाख, नजर त्याहून चलाख, तोंडाला मात्र लगाम नाही.

त्या दुपारी विश्रामनं तिला सातपाटीला धाडलं. पुष्पलता नावाच्या बाईकडचा कॉम्प्युटर मुका झाला होता. अंगणात बांबूवर बोंबील वाळत होते. दाराशी तिची सासू येसूबाई जाळं दुरुस्त करत बसलेली. पुष्पलतानं चहा देता देता सगळं सांगितलं. नवरा एकनाथ मागच्या हंगामात बोटीसकट गेला, फळीसुद्धा सापडली नाही. त्याच्या आधीच्या दिवाळीत त्यानं हौसेनं या मशीनमध्ये आपली हाक भरली होती. बोट किनाऱ्याला लागताना मारायचा तीच. तेवढाच त्याचा आवाज उरलेला.

"लाव आवाज," येसूबाई मान वर न करता म्हणाली. "पण ओ कोणी द्यावाची नाय."

पुष्पलता ओशाळली. मग तिनंच समजावलं. बोट आली की पाण्यातून घरच्या बाईच्या नावानं हाक येते, ती ओ देते आणि टोपली घेऊन पाण्यात उतरते. पण जी बोट परतलीच नाही, तिच्या हाकेला ओ द्यायची नसते. जी देईल तिला तो घेऊन जातो.

हंसाला हसू आलं, ते तिनं चहात बुडवलं.

स्पीकरची पिन बरोबर भोकात होती. तिनं आपला वॉकमन जोडून पाहिला, तर स्पीकर दणकून वाजले. म्हणजे दोष आत. पडद्यावर आवाजाची खिडकी उघडली, तर म्यूटच्या चौकोनात बरोबरची खूण.

हात्तिच्या, म्हणत तिनं खूण काढली. खूण परत आली. माऊस काढून ठेवला, कीबोर्डवरनं काढली. परत आली, सावकाश, कोणी बोटानं उमटवावी तशी. आता हंसाचं डोकं सरकलं. तिनं साउंड कार्डाचा ड्रायव्हर उडवला, सीडीवरनं नवा चढवला, मशीन बंद करून चालू केली.

चौकोन रिकामा राहिला. दाराशी येसूबाईचा हात जाळ्यावर थांबला.

हंसानं हाकेची फाइल लावली. आधी खरखर आली. मग फळ्यांवर आपटणारं पाणी.

"वहिनी, हे बोटीवर भरलेलं?"

"नाय गं. इथंच. याच खुर्चीत बसून."

मग हाक. "पुष्पाऽऽ."

पुष्पलतानं पदर तोंडात कोंबला. पडद्यावरची पट्टी शेवटाला जाऊन थांबली. हाक थांबली नाही. परत आली, जवळून. मग अजून जवळून. पुष्पलताचा पदर गळून पडला, ओठ हलायला लागले. येसूबाई धावली आणि सुनेचं तोंड तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं. सून घुसमटली, पाय झाडायला लागली.

हंसाला ते बघवेना. "सोडा तिला, मरंल ती," म्हणत ती मध्ये पडली. म्हातारी सोडेना, तशी हंसानं रागानं स्पीकरकडे तोंड केलं.

"ओऽ. आले."

आवाज बंद झाला.

बघा, काय झालं का, असं विचारत हंसानं फाइल पुन्हा लावली. पाणी. हाक. आणि हाकेच्या मागोमाग तिचा स्वतःचा आवाज. ओऽ. आले.

माईक कपाटावर होता, पिशवीत गुंडाळलेला.

मग स्पीकरमधून वाळूवर लाकूड घासल्याचा आवाज आला.

हंसानं म्यूटवर खूण केली. राहिली नाही. पुन्हा केली. राहिली नाही. तिनं पिनच उपटली.

घासणं चालूच होतं. आता ते अंगणाकडून येत होतं.

येसूबाई सुनेला आत घेऊन गेली. परत आली ती रिकामी टोपली घेऊन. हंसाकडे न बघता तिनं ती तिच्या पायाशी ठेवली, आत गेली आणि मधल्या दाराला कडी लावली.