दुसरी फुली

गेले दिवे तर जाऊ देत रे, येतील. बसा इथेच. तोवर आपल्या फोटोवाल्याचं एक सांगतो. ऐकीव नाही हं. त्याचे कपडे माझ्याकडेच इस्त्रीला असतात, आणि तो शर्टही मीच इस्त्री केला होता. कुठला, ते कळेल पुढे.

आपलं गाव म्हणजे काय, चार जुन्या गल्ल्या, एक पडका बुरूज आणि समुद्र. तरी लग्न ठरलेली जोडपी लांबून लांबून इथे फोटो काढायला येतात. धक्क्याजवळचं निळं दार, तोफेचा चौथरा, दीपगृहाच्या पायऱ्या... या सगळ्या जागा त्याने आणि वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मिळून हेरलेल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी दोघं जाणार. वहिनी जोडप्याच्या जागी उभ्या राहणार, हा कॅमेऱ्यातून उजेड बघणार, आणि पटलं की वहिनी तिथे खडूने एक फुली मारणार. दुसऱ्या दिवशी जोडपं त्या फुलीवर. फोटोच्या आधी नवऱ्यामुलाची कॉलर सारखी करायचं कामही त्यांचंच. त्यांच्या उजव्या करंगळीचं टोक लहानपणी दारात चेंगरून गेलेलं, पण हात इतका हलका की मुलाला पत्ता लागायचा नाही.

त्या म्हणायच्या, "अहो, एकदा आपला दोघांचा काढा की."

हा म्हणायचा, "उजेड गेला गं. उद्या काढू."

वीस वर्षं तेच, उद्या काढू. मग वहिनी तापाने गेल्या. आठवडाही लागला नाही. भिंतीवर खिळा ठोकला आणि लावायला फोटो शोधायला बसले, तर एक नाही. लग्नातले कधीच पावसात भिजून गेलेले, आणि उजेड बघायला काढलेले त्यांचे फोटो हा रोज रात्री पुसून टाकायचा ना. मुलगी सासरहून आली होती. म्हणाली, "बाबा, इतक्या जगाचे काढलेत, आणि आईचा एकही नाही?" तेव्हापासून तो माणूस नीट जेवला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार, पौर्णिमेची रात्र, दहा वाजून गेलेले. एका जोडप्याला चांदण्यातले फोटो हवे होते, म्हणून तो जागा बघायला एकटाच निघाला. मी संध्याकाळीच दिलेला काळा शर्ट अंगात. खडू जवळ नव्हता. वहिनींच्या मागे त्याने खडूला हातच लावला नाही. त्यांच्या जागी बॅग ठेवायचा आणि उजेड बघायचा.

निळ्या दाराशी बॅग ठेवायला वाकला, तर खाली फुली. ताजी. म्हणाला, असेल दुसऱ्या कुणा फोटोवाल्याची. चौथऱ्यावर गेला, तिथेही फुली. बरोबर जिथे चांदणं तोंडावर येतं, तिथेच.

हसतोस काय रे? मीही हसलो असतो. पुढचं ऐक.

दीपगृहाशी पोचला. चिटपाखरू नाही. वारा पडलेला. वरच्या पायरीवर बॅटरीचा उजेड टाकला...

दोन फुल्या. शेजारी शेजारी.

जोडप्यासाठी वहिनी एकच फुली मारायच्या. कायम. या दोन होत्या.

त्याने बॅग खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आज नाही म्हणत उद्या."

कॅमेरा लावला. टायमर लावला. जाऊन एका फुलीवर उभा राहिला. शेजारची मोकळी.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

समुद्राचा आवाज... बंद.

मानेला गार लागलं. कॉलर हलली. आधी एक बाजू... मग दुसरी.

तो वळला नाही. चांदण्यातल्या फोटोला अर्धं मिनिट हलायचं नसतं. हललं की फोटो गेला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी मान वळवली नाही त्याने. एवढंच हवं होतं ना त्याला, एक फोटो...

क्लिक.

धावत जाऊन पाहिलं. फोटोत तो एकटा.

मध्यरात्री माझं दार वाजलं. दारात लहान मुलासारखा रडत उभा. "दादा, ती आली होती हो. आणि मला तिचा फोटो नाही काढता आला." मी तो फोटो उलटसुलट, मोठा करून पाहिला. शेजारी नुसती पायरी. आत घेतलं, पाणी दिलं. तेवढ्यात आमची ही दिवा घेऊन जवळ आली. तिने नुसतं कॉलरकडे बोट दाखवलं.

काळ्या कापडावर खडूची पांढरी बोटं. चार. तीन पुरी. चौथं... आखूड.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. त्या आखूड ठशासमोर आपली करंगळी धरून बसली, न टेकवता.

आता त्या खिळ्यावर तो शर्ट असतो. खडू काय, फुंकर मारली तरी उडतो, हे मी सांगायला नको. परवा गेलो होतो त्याच्याकडे. खिडकी उघडी होती, वारा येत होता, शर्ट हलत होता.

बोटं आहेत अजून.