अर्धा कोल्लिडम

कोल्लिडम नदीचं पात्र पायी ओलांडण्याचं धाडस मानवी इतिहासात फार थोड्यांनी केलं असेल! उन्हाळ्यात म्हशी, बैलगाड्या आणि ताक विकणाऱ्या बायका ते रोज करत. पण त्या मोहिमेवर निघालेल्या नसत.

सुंदरराव निघाले होते. सन १९५६चा मे महिना, खांद्यावर दोरखंड, गळ्यात होकायंत्र. नदी उत्तरेला आहे हे कुंभकोणमात कोणीही सांगितलं असतं. पण सुंदरराव विक्रीकर खात्यात तपासनीस होते आणि कोणी नुसतं सांगितल्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

मोहिमेचा हेतू गंभीर होता. भावाची पोरकी मुलगी पंकजा बारा वर्षांची झाली होती आणि तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं, "झेपेल तितकं चालू द्या, खेळू द्या. दम लागला की ही आपण होऊन उकिडवी बसेल. तेव्हा उठवू नका." इतका सोपा सल्ला ऐकून घरात संशयाला ऊत आला.

पंकजाला शाळेत जायचं होतं. दुपारची घंटा झाली की ती खिडकीत जाऊन उभी राही. सुंदररावांची थोरली बहीण गंगाबाई हिला संशय, की पोरगी शाळेपायी दुखणं लपवते. तिथे धावेल आणि पडेल. सुंदररावांना संशय, की दुखणं मुळात नाहीच. घागर उचलायची वेळ आली की बरी बसते! शेवटी तह झाला. पंकजाने नदी ओलांडायची, पलीकडच्या अर्जुनाच्या झाडाची साल आपल्या हाताने काढून आणायची. मग शाळा. ही साल हृदयाला उत्तम. बाजारात मिळे, पण ती भेसळीची असणार हे सुंदररावांनी न पाहताच ओळखलं होतं.

"पाणी कुठवर आहे?" त्यांनी वाटाड्या गुरुमूर्तीला तमिळमध्ये विचारलं.

"गुडघ्यापर्यंत, सामी."

"कोणाच्या?"

गुरुमूर्तीने धोतर खोचलं.

पहिला प्रवाह पार झाला. पुढे पांढऱ्या वाळूचा लांबच लांब पसारा, मधूनमधून बोरूची बेटं, आणि पार पलीकडे, उन्हात थरथरणारं अर्जुनाचं झाड. पंकजा चालायची, गुडघे छातीशी घेऊन बसायची, उठून पुन्हा चालायची. ओठ निळे पडतात का, म्हणून गंगाबाई छत्रीखालून त्यांच्यावर पहारा ठेवत होत्या. सुंदरराव मागून दोघींवर.

"पुन्हा बसली! अक्का, सोंग पक्कं आहे."

"सोंग तुझं. नदीत होकायंत्र घालून आलास. तुझी बायको हसत होती."

झाड जवळ येऊ लागलं. एवढ्यात गुरुमूर्ती थबकला. बोरूतले बगळे एकदम उठले. पश्चिमेकडून घरघर आली.

"वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलंय! मागे फिरा!"

"झाड समोर दिसत असताना?" सुंदरराव गरजले. या वाटाड्याचा यात काय डाव? मग त्यांनाही दिसली. तपकिरी फेसाची रेघ. वाळू गिळत येणारी!

सगळे पळाले. छत्री उडाली. गुरुमूर्तीने गंगाबाईंना हाताला धरून जवळजवळ ओढत नेलं. पंकजा धावली. अडखळली. आणि बसली. भर पात्रात!

"ऊठ! पाणी आलं!"

"दिसतंय काका. आत्ता उठले तर पडेन. मला उठवू नका."

आवाज शांत होता. ओठ जांभळासारखे. सुंदररावांनी अर्धी हयात लबाड व्यापारी पाहण्यात घालवली होती. लबाड आधी पळतो, खुलासा मागाहून पाठवतो. ही पाण्याकडे बघत बसली होती.

त्यांनी खांद्यावरचा दोरखंड टाकून दिला. तिला होती तशीच, गुडघे छातीशी असतानाच, उचललं. धावले! पाणी घोट्याला. गुडघ्याला. कमरेला! पायाखालची वाळू सरकली. होकायंत्र वाहून गेलं. काठावरून गुरुमूर्तीने मुंडासं सोडून टोक भिरकावलं. सुंदररावांनी ते एका हाताने पकडलं. कापड मजबूत आहे का, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तपासलं नाही.

काठ!

तिथे छातीचा भाता झालेले सुंदरराव आपण होऊन उकिडवे बसले. शेजारी पंकजा होतीच. तिच्या ओठांचा रंग हळूहळू निवळत होता.

"बसा काका," ती म्हणाली. "कोणी उठवणार नाही."

नदी दुथडी भरली होती. पलीकडे झाड आपली सगळी साल अंगावर घेऊन उभं होतं.

"अर्धीच नदी झाली," गंगाबाई म्हणाल्या. "साल नाही. आता शाळेचं काय?"

पंकजाने मान खाली घातली.

"जाईल," सुंदरराव धापा टाकत म्हणाले. "पुरापुढे बसली ती ड्रिलमास्तरापुढे बसणार नाही? हिला कोण धाववणार?"

गंगाबाईंनी भावाकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मग ओल्या पदराने पोरीचं तोंड पुसलं आणि ताकभाताचा डबा नदीत कोणी सोडला, याची चौकशी सुरू केली.

जूनमध्ये पंकजा शाळेत जाऊ लागली. शाळा घरासमोरच होती. मध्ये फक्त रस्ता.