रिकाम्या जागेचा सूर

"माझ्या आईला त्या बाईनं मारलं," तो दारातूनच म्हणाला. "पोलिसांनी तिला बसवून ठेवलंय, पण ती कबूल होत नाही. तुम्ही तिच्याकडून वदवून घ्या."

वहिनींनी त्याला आधी पाणी दिलं. खाजगी तपासाची कामं त्या बारा वर्षं करत होत्या. गाडी चालवायला आणि टिपणं घ्यायला त्यांचा धाकटा दीर असे. त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत.

आलेल्या माणसाची आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली होती. दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी एक जालीम पातळ औषध दिलं होतं. दिवसातून एकदा, दुपारी. गुरुवारी औषध घेऊन ती झोपली ती उठलीच नाही. तपासणीत औषध दुपटीनं निघालं.

"बाटली कुणाच्या ताब्यात असायची?"

"नर्सबाईच्या. म्हणून तर म्हणतोय."

चौकीतल्या बाकावर नर्सबाई पदराला डोळे पुसत बसली होती. "मी बाराला निघते हो. दुपारचं औषध बाबाच देतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मी रोज सकाळी बाटलीवर पेन्सिलीची रेघ ओढते तेवढंच. संपत आलं की नवी आणायला सांगायला."

वहिनींनी बाटली मागवून घेतली. रेघा सारख्या अंतरावर उतरत होत्या. मंगळवारच्या सकाळपर्यंत. पुढे बुधवार आणि गुरुवारच्या रेघांचं अंतर दुप्पट, आणि गुरुवारच्या रेघेखालीही औषध तेवढंच उतरलेलं.

"बाटली तिची, रेघा तिच्या," बाहेर येऊन भाऊजी म्हणाले. "सरळ तर आहे."

"खून करणारी त्याचा हिशोब स्वतःच बाटलीवर मांडून ठेवेल का हो, भाऊजी?"

घरी त्या माणसाचे वडील पलंगाच्या कडेला बसले होते. वीस वर्षांपूर्वी दृष्टी गेली, तरी म्हातारपणापर्यंत ते वाद्यं जुळवत होते. वहिनींनी विचारताच त्यांनी उशाचा उभट, अरुंद पेला हातात घेतला.

"धार पडायला लागली की आतला सूर चढत जातो. डॉक्टरांच्या मापानं एकदा या पेल्यात ओतून ऐकून ठेवलं. तो सूर आला की हात थांबवायचा. सहा महिन्यांत कधी चुकलो नाही."

"पाण्यानं दाखवता?"

त्यांनी मान तिरकी करून ओतलं आणि ठरल्या जागी थांबले. वहिनींनी ते पाणी डॉक्टरांच्या मापात रिकामं केलं, पाहिलं आणि मोरीत टाकलं.

"या आठवड्यात काही वेगळं वाटलं?"

"नाही. पेला जरा हलका लागायचा. म्हटलं, तिचे हाल बघून माझाच हात बधिर झालाय."

स्वयंपाकघरात त्यांची मुलगी पाठमोरी भांडी विसळत होती.

"सोमवारी दुपारनंतर घरी कोण होतं?"

"मीच. दादा कामावर होता." ती वळली नाही. "सोमवारचं का विचारताय?"

वहिनी वाकल्या. ओट्याखालून त्यांनी काचेचा एक भरीव गोल तुकडा काढला. चांगला दोन बोटं जाड, वरची कड तुटकी.

"पेपरवेट दिसतोय," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी दोघा भावंडांना बाहेरच्या खोलीत बसवलं. तो तुकडा पेल्याशेजारी ठेवला. दोन्हींची रुंदी तंतोतंत सारखी होती.

"हे जुन्या पेल्याचं बूड आहे. नवा पेला बाहेरून तेवढाच उंच, तेवढाच रुंद. पण त्याचं बूड पातळ, म्हणून तो हलका आणि आतून दोन बोटं जास्त खोल. ओतताना पेल्यातली हवा घुमते. हवेला जागा जितकी कमी, तितका सूर चढा. शाळेत याला अनुनाद म्हणतात. बाबांच्या कानाला वरची रिकामी जागा बरोबर कळत होती. पण तो सूर खाली औषध किती आहे ते सांगत नाही. आधी दोन बोटं औषध आणि दोन बोटं काच होती. आता चारही बोटं औषध. मगाशी त्यांनी ओतलेलं पाणी मापानं दुप्पट भरलं."

भाऊजींची पेन्सिल थांबली. "म्हणजे खून कुणीच..."

"सोमवारी माझ्या हातून निसटला," मुलगी म्हणाली. "त्यांच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी आणलेला. आई त्यातूनच औषध घ्यायची. तिचा जीव तुटला असता, म्हणून दुकानं पालथी घालून तस्साच आणला. मला वाटलं, कुणाला कळणारसुद्धा नाही."

भावानं आतल्या दाराकडे पाहिलं. "बाबांना नका सांगू. ओतणारा हात त्यांचा होता. ते जगायचे नाहीत."

"नर्सबाईला सोडवायचं तर मला खरं लिहून द्यावं लागेल," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग पोलीस बाबांना विचारायला येतील. त्यांनी ते परक्याच्या तोंडून ऐकायचं का?"

मुलगी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार तिनं लोटलं नाही. तिचं बोलणं बाहेर अर्धवट ऐकू येत होतं.

मग वडिलांचा आवाज आला.

"तीन दिवस मीच पाजलं तर."

"बाबा, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे. एकटीनं घेऊ नकोस. गुरुवारी ती कण्हली नाही. मला वाटलं, आज बरं वाटतंय तिला. मला आनंद झाला होता गं."

पलंग करकरला. ते सरकून तिला जागा करून देत होते.

भावानं चपला पायात सरकवल्या. "नर्सबाईला आणायला मी स्वतः येतो," तो म्हणाला.

भाऊजी गाडी काढायला गेले.