हापशामागचं डबकं

प्रेम कुठल्याही साचलेल्या पाण्यात फुलू शकतं. डासही.

त्या श्रावणात केजजवळच्या एका शाळेमागं, हापशाच्या डबक्याशी, हिवताप खात्याचा शिवशरण डासांच्या अळ्यांवर जळकं ऑइल ओतायला डबा तिरका करत होता. तेवढ्यात मागून आवाज आला—

"थांबा! पोरं आहेत माझी त्यात!"

अर्धा डबा शिवशरणच्या स्वतःच्या चपलेवर सांडला.

"पोरं...? किती?"

"चाळीसेक. अजून पाय फुटायचेत."

त्यानं वाकून पाहिलं. गाळात बेडकाची काळी, शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. मग त्यानं वर पाहिलं. नव्यानं रुजू झालेल्या जगदेवी बाई. पदर खोचलेला, कपाळावर पावसाचे थेंब... वर पाहायला नको होतं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जगदेवीला जिवंत बेडूक मांडायचा होता, अंड्यापासून उडीपर्यंत. हेडमास्तर धोंडीराम गुरुजी दरसाल थर्माकोलचा नेत. "बाई, तुमचे मेले की माझा न्यायचा," त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. "माझा पाच वर्षं झाली, मेला न्हाई."

"दीड महिना सोडा हे डबकं," जगदेवी म्हणाली.

"डबकी मारायचाच पगार हाय मला, बाई."

"मग मारा." ती बाजूला झाली... आणि बघत राहिली.

शिवशरणनं डब्याला झाकण लावलं आणि वहीत लिहिलं : डबके नष्ट केले.

गावात पंधरवड्यातून एकदा ताप विचारत फिरायचं, हे त्याचं काम. तो दर मंगळवारी येऊ लागला.

"ताप?"

"नाही."

"थंडी?"

"नाही."

"झोप लागती का?"

"हे फॉर्मात आहे?"

"न्हाई... हे माझं हाय."

देश खुला झाला, त्याचा आमच्या तालुक्याला पहिला लाभ म्हणजे कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या. शिवशरण त्या कापून आणायचा. एकीत ताजी अंडी, एकीत नुसत्या शेपट्या, एकीत मागचे पाय फुटलेले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शेवटच्या बाटलीत नखाएवढा बेडूक होता. चार पाय, आणि शेपटीचं टोक.

"हे गळून पडतं का?"

"गळत नाही. अंगातच जिरतं. तोवर तो खातही नाही काही."

"माझंबी तेच. तीन दिस झाले, घास उतरंना. तुमच्याजवळ आलं की हातपाय लई कापतेत..."

"तुम्हाला शेपूट होती?"

"चेष्टा करू नका, बाई. लग्न करता का माझ्याशी?"

जगदेवीनं बाटलीत बघितलं. शिवशरणकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

"उद्या हा उडाला... तर सांगते."

दुसऱ्या दिवशी केजला परीक्षक बाटलीवर वाकले. बेडूक बसून होता. परीक्षकांनी पेन्सिलीनं बाटली वाजवली. बेडूक बसूनच होता. गुरुजींनी पिशवीतून थर्माकोलचं हिरवं डोकं बाहेर काढलं. शिवशरणनं डोळे मिटले—

टुण्‌कन!

बेडूक थेट परीक्षकांच्या गुणांच्या कागदावर जाऊन बसला. शेपटीचा मागमूस नाही. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. पहिला नंबर! थर्माकोलचं डोकं परत पिशवीत गेलं, ते कायमचं.

त्या गलक्यात जगदेवीनं शिवशरणचा हात धरला. हात चांगलाच तापला होता.

"हो," ती म्हणाली. "पण किती कापताय हो! कशानं?"

"प्रेम," शिवशरण म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

सोमवारी त्याचं रक्त तपासलं. हिवताप निघाला.