सात चुण्यांचा रोल

गुरुवार हा चाकण पट्ट्यातला रविवार. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे निरंजनचे सगळे रिकामे उद्योगही गुरुवारचे. बाकीचे सहा दिवस तो चाकणच्या एका कंपनीत स्टँडर्ड रूम सांभाळायचा. वीस अंशांवर गार ठेवलेली ती खोली, मधोमध ग्रॅनाइटचा काळा पाट, कपाटात मायक्रोमीटर, आणि एखाद्या पार्टमध्ये केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी खोट सापडली तर अख्खा माल परत पाठवायचा अधिकार. गुरुवारी तो हाच अधिकार जुन्या नाण्यांवर चालवायचा, तोही फुकट.

जुन्या नाण्यांच्या शौकिनांत बंद रोलला फार मान. चाळीस नाणी कागदात घट्ट गुंडाळायची, दोन्ही तोंडांच्या चुण्या घालून खळीने चिकटवायच्या, की झाला रोल. तो बंद आहे तोवर त्याची ऐट, फोडला की नुसती चिल्लर. आणि फोडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून ऑनलाइन बाजारात लबाडांचं फावतं. कुणी टोकांना दोन चकचकीत नाणी लावून मधे झिजकी भरतो, तर कुणी नवा कागद चहात बुडवून त्याला म्हातारा करतो. निरंजन वजन करायचा, लांबी मोजायचा, कागदावर उमटलेले नाण्यांचे काठ भिंगाखाली बघायचा आणि एक शब्द बोलायचा. तो ‘ओरिजिनल’ म्हणाला, की व्हॉट्सॲप ग्रुपवरची साडेतीनशे माणसं गप्प. त्याने स्वतः आजवर एकही रोल फोडला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

त्या गुरुवारी सकाळी तो संत तुकाराम नगरात विजयश्रीताईंकडे गेला. पन्नाशीच्या बाई, घरातच शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि सतरंजीवर पन्नास पैशांचे वीस रोल मांडले.

“बाबांच्या हातचे आहेत,” त्या म्हणाल्या. “इथं पिंपरीत एका कंपनीच्या कॅश ऑफिसात हेल्पर होते. सात तारखेला रोख पगार व्हायचा तेव्हा. पाकिटात घालायची चिल्लर बाबा गुंडाळायचे. पगार बँकेत जमा व्हायला लागला, त्या शेवटच्या महिन्यात हे वीस उरले. बाबांनी स्वतःच्या पगारातल्या नोटा भरून घरी आणले.”

निरंजनने एक रोल उचलला आणि उजेडात धरला.

तोंडाला सात चुण्या होत्या. साती सारख्या, आणि सातवी पहिलीच्या पोटात अशी खोचलेली की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते नखाला लागू नये. त्याने व्हर्निअर काढून चुणी मोजली. मग दुसरी मोजली, मग दुसऱ्या रोलची. वीस रोल, चाळीस तोंडं, आणि माप हलायचं नाव घेईना. कागद म्हणजे कंपनीतल्या रद्दी ड्रॉइंगचे तुकडे. हे एका हेल्परने, सात तारखेच्या घाईत, स्टुलावर बसून केलं होतं.

“ताई, माणसाच्या हाताला हे जमत नाही हो,” तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच भरून आलं. “आमच्याकडे लाखालाखाची मशिनं आहेत. त्यांनाही नाही जमत.”

विजयश्रीताईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं नाही. त्यांनी मोबाइल पुढे केला. वाकडच्या अजिंक्यने दोन रोल विकत घेतले होते आणि आठ दिवसांत परत पाठवले होते. ग्रुपवर त्याने लिहिलं होतं: ‘खळ ताजी आहे. घरात बसून गुंडाळतात. म्हातारा कंपनीतही हेच करत असणार, मधे कमी भरून.’ ते फिरत फिरत बाबांच्या जुन्या सोबत्यांपर्यंत पोचलं होतं. काल भाजी घेताना एकाने तोंड फिरवलं.

“मला पैसे नकोत, निरंजनदादा. तीस वर्षांत बाबांचा एक रोल कधी कमी भरला नाही. ते गेले त्यालाही आता वीस वर्षं झाली. तेवढं त्यांचं नाव साफ करून द्या.”

निरंजनने परत आलेले दोन रोल वेगळे घेतले, आणि त्याचा जीव खट्टू झाला. बाकी अठरांची खळ तपकिरी, वाळून तडकलेली होती. या दोनांची पांढुरकी होती. नाकाजवळ नेल्यावर शिजलेल्या कणकेचा वास आला, आणि त्यात मोरचुदाचा, तांब्याच्या भांड्यासारखा. खळीला किडा लागू नये म्हणून जुने लोक चिमूटभर मोरचूद घालायचे. हल्ली कोण घालतो?

“ताई, खरं सांगा. हे दोन कुणी उघडले होते?”

त्या जरा ओशाळल्या. “मीच. गिऱ्हाईक आतल्या नाण्यांचे फोटो मागत होतं. स्वरूपा म्हणाली, आई, दोन उघड, त्याशिवाय कोण घेणार. दुपारी उघडले, फोटो काढले, नाणी तशीच ताटलीत ठेवली. सकाळी बघते तर दोन्ही बंद. मला वाटलं पोरीने केले.”

“आणि पोरगी काय म्हणते?”

“तिला वाटलं मी केले.”

शिलाई मशीनवर अर्धा ब्लाउज लटकत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. निरंजनने ते दोन रोल पुन्हा हातात घेतले. खळ ताजी होती यात वादच नव्हता. पण चुण्या सात होत्या, आणि माप तेच होतं.

असला प्रकार कानावर आला की लोक घाबरतात किंवा हसतात. निरंजनला तिसरंच काहीतरी झालं, त्याला ते स्वतः तपासून बघायची हाव सुटली. त्याने त्यातला एक रोल मागून घेतला.

पुढच्या बुधवारी सेकंड शिफ्ट सुटायच्या आधी त्याने स्टँडर्ड रूमचं दार आतून लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक रोल फोडला. चाळीस नाणी पाटावर ओतली. सगळी कोरी, एकाही नाण्यावर ओरखडा नाही. त्यातलं एक त्याने स्वतःच्या पाकिटात, आतल्या कप्प्यात टाकलं आणि त्याच्या जागी नंतरच्या काळातलं स्टीलचं पन्नास पैशाचं नाणं ठेवलं, जरा लहान आणि हलकं. ढिगात त्याने ते तळाला दडवलं. कागद बाजूला ठेवला. दाराला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि गेटवरच्या वहीत वेळ लिहिली. खोलीला खिडकी नव्हती आणि दाराबाहेर कॅमेरा होता.

गुरुवारी कंपनी बंद होती. तो दिवसभर घरी बसून राहिला. बायको म्हणाली, तब्येत बरी नाही का.

शुक्रवारी सकाळी त्याने आधी कॅमेरा बघितला. बुधवार रात्रीपासून दाराजवळ कुणी फिरकलं नव्हतं. मग कुलूप काढलं.

दार उघडताच वास आला. शिजलेली कणीक आणि मोरचूद.

ग्रॅनाइटच्या पाटावर रोल उभा होता. बंद.

पाट स्वच्छ होता. खळीचा एक थेंब सांडलेला नव्हता.

रोलपासून चार बोटांवर स्टीलचं नाणं एकटंच ठेवलं होतं, बाजूला काढल्यासारखं.

निरंजनने रोल काट्यावर ठेवला. चाळीस नाण्यांचं वजन आलं, पूर्ण. मग सावकाश खिशातून पाकीट काढलं आणि आतला कप्पा उलटा केला.

तो रिकामा होता.

तो स्टुलावर बसला. एसीचा आवाज येत होता. भीती होतीच, पण त्याच्या वरताण कौतुक होतं. वीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस एक नाणं कमी खपवून घेत नव्हता. चुकीचं नाणं दिसलं तर तो ते फेकून देत नव्हता, नीट बाजूला ठेवत होता. अशा माणसाला कुणीतरी चोर म्हणालं होतं. निरंजनला त्याचा संताप आला.

त्याने प्रोफाइल प्रोजेक्टरखाली चुण्यांची सावली वीसपट मोठी करून पाहिली. सात सरळ रेषा. एकीत थरथर नव्हती.

दाखला तो नेहमी हाताने लिहायचा. कंपनीचे रिपोर्ट इंग्रजीत छापून निघायचे, म्हणून दाखले तरी मराठीत, शाईच्या पेनाने, घोटीव अक्षरात. त्या दिवशी त्याने लिहिलं: ‘वीसही रोल ओरिजिनल. भरणी पूर्ण. गुंडाळणारा हात’, आणि पुढच्या ओळीत, जरा मोठ्या अक्षरात, ताईंच्या बाबांचं नाव, ‘ज्योतीराम’. त्याखाली स्वतःची सही केली, ‘निरंजन’. दाखल्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी तो कागद रोलसह विजयश्रीताईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, डोळ्यांना पदर लावला आणि पेटीत रोलांच्या वर ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधीच अजिंक्यचा फोन आला. वाकडच्या जुन्या घराण्यातला गडी, जमिनी विकून आता टॉवरमध्ये राहणारा, पण भाषा गावातलीच.

“निरंजनभाऊ, काय राव तुमी! खळ वली व्हती. म्या बोट लावून बघितलंय.”

“ओली होती. खरं आहे.”

“मंग?”

“हात जुना आहे. तेही खरं आहे.”

“म्हंजी? म्येलेला माणूस येऊन गुंडाळतोय व्हय?”

“परवा मी एक फोडून ठेवला होता. आज तो बंद निघाला.”

“भाऊ,” अजिंक्य अगदी हळू म्हणाला, “परत पाठवायच्या आदी म्या बी एक फोडला व्हता. कुनाला बोललो न्हाई. मला वाटलं, येड लागलं का काय.” थोडं थांबून तो म्हणाला, “ग्रुपवर माफी लिवतो.”

आणि त्याने लिहिली. चार ओळींची, ज्योतीरामांचं नाव घेऊन. बाबांचे जुने सोबती पेढे घेऊन विजयश्रीताईंकडे आले. एक तर म्हणाला, पगाराच्या पाकिटातली त्याची चिल्लर आम्ही कधी मोजलीच नाही. निरंजनला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात एक तरी चांगलं काम झालं.

पुढच्या गुरुवारी सकाळी विजयश्रीताईंचा फोन आला. आवाज रडवेला होता, पण त्यात आनंदही होता. “दादा, येऊन बघा. मी कशालाही हात लावलेला नाही.”

तो गेला. पेटी उघडी होती. वीस रोल ओळीने लावलेले होते, आणि प्रत्येकावर शाईने काहीतरी लिहिलं होतं.

“रात्रभर पेटीला कुलूप होतं,” विजयश्रीताई म्हणाल्या. “बाबांना सही येत नव्हती हो. जन्मभर पगाराला अंगठा दिला. शाळेत कुणी घातलंच नाही त्यांना.”

निरंजनने पहिला रोल उचलला. वेड्यावाकड्या रेघा, एक गोल, एक दांडी. पहिलीतल्या पोराने पाटीवर काढाव्यात तशा. तिसऱ्यावर ‘ज्यो’ ओळखू येत होता. सातव्यावर पूर्ण नाव होतं, पण खाली उतरत गेलेलं. बाराव्यावर ओळ सरळ झाली होती. पंधराव्यावर ‘ज’ला मागे वळलेली बारीक शेपटी आली, आणि निरंजनने भिंग काढलं. ती शेपटी त्याची होती. त्याचा ‘ज’ असाच होता, शाळेपासून.

“शिकले बघा,” विजयश्रीताई रडत रडत हसल्या. “दाखल्यावरचं गिरवून शिकले. स्वतःचं नाव लिहिलं बाबांनी!”

निरंजनलाही हसू आलं. एका आठवड्यात कुणी इतकं शिकतं का! त्याने सोळावा बघितला, सतरावा, अठरावा. एकोणिसावा त्याने दाखल्याशेजारी धरला. दोन्ही नावांत त्याला केसाचाही फरक सापडला नाही.

मग त्याने विसावा उचलला.

त्यावरही ‘ज्योतीराम’ होतं, सुबक, दाखल्यावरच्यासारखं. त्याखाली दाखल्यावरचं पुढचं नाव गिरवायला घेतलेलं होतं, पुन्हा वेड्यावाकड्या रेघांत. एक ‘नि’ जमला होता. ‘रं’ अर्धा झाला होता.